चुन्याची निवळी

प्रयोगशाळेचं दार बाईंनी ढकललं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. सातवीची सगळी पोरं आपापल्या बाकावर बसली होती. कुणाला साधं खरचटलेलंसुद्धा नव्हतं.

"अगंबाई, आज एवढी शहाणी कशी झालात?"

कुणी हसलं नाही. एरवी उकडलेलं अंडं बाटलीत शिरताना पाहून याच वर्गाने छप्पर डोक्यावर घेतलं होतं.

"दप्तरं कुठायत रे?"

"घरीच राहिली, बाई," पहिल्या बाकावरचा बडबड्या म्हणाला.

बाईंनी जास्त विचारलं नाही. त्यांना आज एकाच गोष्टीचा छडा लावायचा होता. आपण जिवंत आहोत की नाही?

त्या दिवशी बर्नरच्या ज्योतीचे रंग नीट दिसावेत म्हणून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. सर्दीने नाक चोंदलेलं, गॅसचा वास कसला येतोय? काडेपेटी आणायला निघाल्या, दारापर्यंत पोचल्या, एवढंच आठवत होतं. मग धडाका झाला आणि पुढचं सगळं कोरं.

तेव्हापासून कुणी त्यांच्याकडे धड बघत नव्हतं. शिपाई दिसला की मान वळवायचा. मुलांच्या आया रस्त्याच्या पलीकडे जायच्या. घरी नवरा भिंतीकडे बघत जेवायचा. आज सकाळी त्यांनी "अहो" म्हणून हाक मारली, तर तो निमूट उठून बाहेर गेला. अशाने माणूस वेडा व्हायचा नाही तर काय?

"बाई, आज कुठला प्रयोग?" बडबड्याने विचारलं. पोरं तरी बोलत होती, तेवढाच आधार.

बाईंनी पिशवीतून बाटली, पेले आणि स्ट्रॉ काढले. "ही चुन्याची निवळी. आता पाण्यासारखी नितळ आहे. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मिसळला की दुधासारखी पांढरी होते. जिवंत माणसाची खूणच म्हणा ना."

आधी स्वतःसाठी एक पेला भरला. त्यांनी स्ट्रॉ ओठांत धरली, डोळे घट्ट मिटले आणि फुंकर घातली. बुडबुडे वाजत राहिले, पण डोळे उघडायचा धीर होईना.

उघडले तेव्हा पेला पांढराफटक झाला होता.

बाई ढसाढसा रडल्या. जिवंत होत्या त्या, चांगल्या हाडामांसाच्या. आता नवऱ्याचा अबोला, शिपायाचा तुटकपणा, सगळं निभावता आलं असतं. डोळे पुसून त्यांनी भराभरा पेले वाटले.

"चला, आता तुमची पाळी. होऊ दे बुडबुडाट."

सगळी डोकी पेल्यांवर वाकली. बाई बाकांमधून फिरू लागल्या. पहिल्या बाकावरची निवळी नितळ होती. दुसऱ्या बाकावरची तशीच.

"जरा जोर लावा की रे. जेवून आला नाहीत का?"

पोरांनी गाल फुगवले. बाई शेवटच्या बाकापर्यंत जाऊन परत आल्या. सगळे पेले नितळच.

बडबड्याने मान वर केली.

"बाई, आमची पांढरी का होत नाही?"