सरावाची मुलाखत

विद्यापीठाने कॉम्प्युटरच्या मुलांकडून मुलाखतीचा सराव करून घ्यायला माजी विद्यार्थी बोलावले होते. ओक्सानाच्या वाट्याला आला वीस वर्षं नोकरी केलेला ग्रेडी. तिसऱ्याच प्रश्नाला फळ्यासमोर तिची वाचा बसली.

"गुरुवारी खऱ्या मुलाखतीत असंच झालं तर इंटर्नशिप गेलीच माझी!"

"अगं, मी काय खातोय का तुला? पाणी पी, पुन्हा सांग."

अडखळत का होईना, या वेळी तिला उत्तर जमलं. "तुमचं बरं आहे हो," ती घाम पुसत म्हणाली, "तुम्हाला कसली आलीये भीती!"

 

ग्रेडीने उठून दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाला, "आता प्रश्न तू विचार. गेल्या महिन्यात नोकरी गेली माझी, उद्या मुलाखत आहे."