मिरजेचा लोणी डोसा

"तूच जाऊन खाऊन ये, मी बसतो सामानाजवळ," हे म्हणाले. गुडघ्यांमुळे आता त्यांना बाकावरून उठवत नव्हतं.

बेळगावला माहेरी जाताना आम्ही मिरजेला गाडी बदलायचो. दर खेपेला हे स्टेशनसमोरच्या हॉटेलात जाऊन लोणी डोसा खाऊन यायचे आणि माझ्यासाठी केळी आणायचे. "अहो, मलाही न्या की एकदा," मी म्हणायचे. "तिथे बायकांची सोय नाही. सगळे टांगेवाले नि हमाल," हे ठरलेलं उत्तर. मग बेळगाव येईपर्यंत त्या डोशाचं कौतुक ऐकायचं.

आज एकटीच रस्ता ओलांडून गेले. गल्ल्यावर पिकल्या केसांचे मालक होते. "आजी, आत फॅमिली रूममध्ये बसा, पंखा आहे."

झुलती लाकडी दारं, त्यांवर रंगाचे कितीतरी थर.

"ही खोली कधी केलीत?" मी विचारलं.

"वडिलांनी हॉटेल काढलं तेव्हाचीच. माझा जन्मही नव्हता झाला."

डोसा खरंच चांगला होता. सगळा संपवला. येताना फळांच्या गाड्यावर थांबले.

"मिळाली का जागा?" यांनी विचारलं.

"मिळाली. फॅमिली रूममध्ये."

हे वाकून बॅगेचं बंद कुलूप ओढून पाहत राहिले.

मी पिशवीतून केळी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.