निघतानाचा शब्द

"बराय, जातो मी," बँकेचा माणूस बूट चढवत म्हणाला.

"जातो म्हणू नये," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "येतो म्हणावं."

तो दारातच घुटमळला. कर्ज थकलेल्या घरांतून लोकांची बोलणी खायची त्याला सवय होती. पुन्हा यायचं आमंत्रण मात्र कुणी दिलं नव्हतं. "येतो," तो ओशाळून म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

मुलीने कपाळावर हात मारला. "आई, जगात हा एकच माणूस पुन्हा येऊ नये असं आपल्याला वाटतं, आणि तू त्यालाच शिकवतेस!"

"तोंडातून गेलं निघून," आई म्हणाली.

तिचं हे असंच होतं. मीटर वाचायला आलेला असो की रस्ता चुकलेला, तिच्या दारातून कुणी 'जातो' म्हणून निघालं की तिला चैन पडत नसे. ती स्वतः कोपऱ्यावर साबण आणायला निघाली तरी कुलूप लावल्यावर दारावर हात ठेवून म्हणायची, "येते हं." रिकाम्या घराला! मुलगी लहान असताना विचारायची, घर काही म्हणतं का गं? "म्हणतं की. ऐक, करकरतंय," आई सांगायची. दाराची बिजागरी पहिल्यापासून करकरत होती, आणि तेल घालायचं म्हटलं की आई हातातली बाटली काढून घ्यायची.

त्या संध्याकाळी तिघं जेवायला बसली, पण भूक कुणालाच नव्हती. बाबा ताठ पाठीच्या खुर्चीत, कमरेमागे उशी घेऊन बसले होते. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. वर्षभरापूर्वी शिडीवरून पडले आणि मणका दुखावला. डॉक्टरांनी चढणं-उतरणं बंद केलं, कंपनीने नोकरी बंद केली, आणि मग हप्ते आपोआपच बंद पडले. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. तिच्या पगारात घर चालायचं, घराचं कर्ज नाही.

"उद्या सकाळी बँकेत जाऊन काय ते सांगायचंय," मुलगी म्हणाली. "नाहीतर ते ताबा घेऊन लिलाव करणार, आणि मग आपल्या हाती काही लागायचं नाही. काका सगळं फेडायला तयार आहेत, पण घर त्यांच्या नावावर करायचं म्हणतात."

"म्हणजे आपल्याच घरात ते आपल्याला 'बसा' म्हणणार," आई म्हणाली.

मुलीला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. "मग मुदत वाढवून घ्यायची. हप्ता लहान होईल, पण तेवढाही माझ्याच्याने..."

"मी मुकादमाशी बोललोय," बाबा मध्येच म्हणाले. "ठणठणीत आहे असं लिहून दिलं तर परत घेतो म्हणाला."

त्यांच्या कमरेमागच्या उशीकडे दोघींनीही बघायचं टाळलं.

तिसरी वाट सगळ्यांनाच ठाऊक होती. लिलावाच्या आत आपणच घर विकायचं, कर्ज फेडायचं आणि उरेल त्यात भाड्याने राहायचं. पण तो शब्द उच्चारायचा कुणी? घर आईच्या नावावर होतं. बाबांनी हौसेने तसं केलं होतं. सही तिचीच लागणार होती.

नुसतं नावावर नव्हे, घर तिच्या मापाचंही होतं. आई जेमतेम बाबांच्या खांद्याला लागायची. म्हणून बाबांनी फळ्या खाली बसवल्या, खुंट्या खाली ठोकल्या, दिव्यांची बटणंसुद्धा तिचा हात पोहोचेल तिथे घेतली. स्वयंपाकघरातल्या फळीवर आजवर कितीदा तरी त्यांचं डोकं आपटलं होतं, आणि दर वेळी आई आधी हसायची, मग चोळून द्यायची. दुसऱ्या कुठल्याही घरात तिला उठता-बसता स्टूल लागेल, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं. ते सहन करण्यापेक्षा शिडी परवडली.

"तू काय ठरवलंस?" त्यांनी विचारलं.

"पानावरून उठा आधी, भांडी घासायचीत," आई म्हणाली. ती फार थकलेली दिसत होती.

सकाळी बाबा उठले तर आई दाराशी उकिडवी बसली होती. हातात तेलाची बाटली. बिजागरीत थेंब सोडायचा, दार पुढेमागे करायचं, पुन्हा थेंब सोडायचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती दाराचं दुखणं काढत होती. खिडक्याही पुसून झाल्या होत्या. एरवी चिंधी बांधून थोपवलेला गळका नळही तिने दुरुस्त केला होता.

बाबांना कळायचं ते कळलं. घराची एवढी निगा राखणारी बाई ते सोडणार नव्हती. त्यांना राग आला नाही. पलंगाखालून त्यांनी कामाचे जुने बूट ओढून काढले आणि दात आवळून वाकले. नाडी बांधून होईपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला.

"बँकेत जायला हे बूट कशाला?" आईने विचारलं.

"तिकडून परस्पर मुकादमाकडे जाईन म्हणतो."

आई त्या बुटांकडे बघत राहिली. मग तिने पर्स उचलली.

तिघंही बाहेर आली. बाबा कठड्याला धरून एकेक पायरी उतरले आणि खाली थांबले. आईने दार ओढलं. ते मुकाट्याने बंद झालं. तिने कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि नेहमीसारखा दारावर हात ठेवला. आज तो तिने लगेच काढला नाही.

"जाते हं," ती घराला म्हणाली.