साडेपाच फुटांची तार

लॅपटॉपवर अँटेना बांधणं म्हणजे ताटाचा फोटो बघून ढेकर देणं. मी तीस वर्षं हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संचाच्या, अँटेना हातानं ताणल्यात. माझा भाचा ज्ञानेश नुसती बोटं आपटतो.

भर दुपारी दिंडोरीच्या मळ्यातल्या घराच्या ओट्यावर बसून त्यानं द्राक्षबागेवरची आमची ऐंशी मीटर लांब तार सॉफ्टवेअरमध्ये काढली. दोनच तारा: एक आडवी, एक रेडिओकडे उतरणारी. टाकाल तेवढंच त्या डबड्याला कळतं. तरी स्क्रीनवर तिसरी तार आली. साडेपाच फूट उंच, बरोबर माझ्याएवढी, बागेच्या टोकाला उभी.

"मामा, ही मी नाही टाकली."

"मग काय, जमिनीतून उगवली? पूस."

त्यानं पुसली आणि पुन्हा गणित चालवलं. तार परत तिथंच होती. आता तिच्यातून करंटही वाहत होता.

"आणि हा म्हणे इंजिनिअर!"

मी तरातरा चालत बागेच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. तिथं चिटपाखरूसुद्धा नव्हतं. मी ओरडलो, "बघ डोळे फाडून! काय आहे इथं?"

ओट्यावरून त्याचा बारीक आवाज आला.

"मामा, हलू नका. स्क्रीनवर आता दोन उभ्या तारा आहेत. एकमेकींना चिकटून."