ठकीची बोळवण

ठकीला पोत्यात घालायचं काम शेवटी कडूबाईंनीच केलं. दत्तरावांच्या हाती ती लागतच नव्हती. सकाळपासून ते पोतं घेऊन परसात धावत होते आणि ठकी भिंतीवर बसून त्यांची मजा बघत होती. अखेर शेजारच्या कडूबाई येऊन पायरीवर बसल्या. "ये गं बाई," एवढंच म्हणाल्या, आणि मांजर आपणहून त्यांच्या मांडीवर चढली. तिथून पोत्यात.

दत्तरावांनी सुतळीनं तोंड बांधलं. पोत्याची वीण विरळ आहे, आत हवा जाते, हे पुन्हा एकदा बघून घेतलं. मग पोतं स्कूटीवर पायांजवळ ठेवलं. आतून आवाज नाही. ठकी ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

सगळं भांडण शेपूचं होतं. लेक संघप्रिया पुढच्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार. बाळंतिणीला शेपूची भाजी हवी, आणि बाजारातल्या शेपूवर काय फवारलेलं असतं कोण जाणे. म्हणून दत्तरावांनी परसात वाफा केला होता. बी पेरून, पाणी शिंपडून ते हात धुवायला वळले की ठकी त्या मऊ मातीत हजर. उकरायचं, बसायचं, वरून माती लोटायची आणि साळसूदपणे चालू लागायचं. बोराटीचे काटे पसरले, तर ही बया काट्यांमधून नेमकी पावलं टाकत गेली. तिखट टाकलं, ते वाऱ्यानं दत्तरावांच्याच डोळ्यांत गेलं. परत पेरलं, परत उकरलं. आता आणखी उशीर झाला तर शेपू वेळेवर हाती येणार नव्हता.

"देवगाव फाट्यावर सोडतो, आक्का," दत्तराव म्हणाले. "तिथं हॉटेलं हायत. उपाशी न्हाई मरायची."

"सोडा की. पोरीच्या बाळंतपणापरीस मांजर मोठं हाय का?" कडूबाई म्हणाल्या आणि घरात गेल्या.

दत्तरावांना हायसं वाटलं. पण स्कूटी सुरू करायच्या आत त्या परत आल्या. हातात ॲल्युमिनियमची एक चेपलेली वाटी आणि फडक्यात बांधलेली भाकर.

"हे तिच्यासंगट ठिवा. दुसऱ्या भांड्यात तोंड घालीत न्हाई ती."

"बरं."

"थंड दूध पेत न्हाई. भाकर कुस्करून द्या म्हणावं हॉटेलवाल्याला."

"सांगतो."

"आन् सोडल्या सोडल्या निघू नका, दत्तराव. जरा बसा तिच्यापाशी. न्हाई तर तुमच्या गाडीमागं पळंल. रस्ता लय वाहता हाय तिथला."

बोलताना त्यांची नजर पोत्यावरून हलली नाही. कडूबाई एकट्या राहायच्या. संध्याकाळी त्यांच्या घरातून बोलण्याचा आवाज यायचा तो ठकीशीच. वरणाला आज मीठ जास्त पडलं, गुडघा परत धरला, सगळं तिला सांगून व्हायचं. दत्तरावांनी हे रोज ऐकलं होतं, पण त्याचा विचार कधी केला नव्हता. आता केला.

त्यांनी बटण दाबलं. स्कूटी सुरू झाली. त्यांनी ती बंद केली.

"आवो, निघा की. ऊन व्हायलंय," दारातून दत्तरावांच्या पत्नी चांगुणाबाई म्हणाल्या.

दत्तराव स्कूटीवरून उतरले. पोतं खाली घेतलं आणि सुतळी सोडली. ठकी बाहेर आली, तिनं अंग ताणून आळस दिला आणि कुणाकडंही न बघता थेट शेपूच्या वाफ्यात गेली.

"आगं मेले, लाज हाय का तुला!" कडूबाई चप्पल घेऊन धावल्या. रागावत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

दत्तरावांनी कुदळ उचलली. कडूबाईंच्या भिंतीला लागून जी पडीक पट्टी होती, ती ते खणायला लागले.

"तिथं काय लावायलाव?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"काय न्हाई. ही तिची जागा. हितं मऊ माती भेटली तर शेपूत कशाला जाईल? तू एक जुनी साडी काढ. बी उगवंस्तोवर वाफ्यावर ताणून बांधू."

"लेकीच्या आदी मांजरीची सोय," म्हणत चांगुणाबाई हसत साडी काढायला गेल्या.

कडूबाई हातात वाटी धरून उभ्या होत्या. थोडा वेळ त्यांनी दत्तरावांचं खणणं बघितलं. मग जवळ आल्या, वाकल्या, आणि चिमूटभर माती बोटांत चोळून बघितली.

"बारीक करा जरा," त्या म्हणाल्या. "ढेकळांत बसत न्हाई ती."