अर्धं अप्पाचं

नवरा गेल्यापासून औरादच्या विमलबाईचं बोलणंच आटलं होतं. कडगंचीला विद्यापीठात शिकणारी तिची लेक संध्या सुट्टीला आली, ती काचेची एक बारकी नळी घेऊन. प्रयोगशाळेत तिनं स्वतःच्या थुंकीतून डीएनए काढला होता. नळीत तो पांढऱ्या धाग्यासारखा तरंगत होता.

“आई, हे माज्यातलं हाय बघ. अर्धं तुजं, अर्धं अप्पाचं.”

विमलबाईनं नळी दारातल्या उन्हात धरली, फिरवून फिरवून बघितली.

“ह्यातलं त्येंचं कोंचं?”

“तसं येगळं न्हाई दिसत गं. दोघांचं मिसळलंय.”

“मग ऱ्हाऊ दे दोघाला एका जागी,” विमलबाई म्हणाली, आणि अप्पाबद्दल बोलायला लागली. स्वयंपाकाची वेळ टळून गेली तरी संध्यानं तिला थांबवलं नाही.