हिरवी टिकली

"चाचण्या घेणाऱ्या बिल्ड सर्व्हरला पोर्टल जोडल्याशिवाय त्यावर 'पास'चं हिरवं काही दाखवू नकोस. दवाखान्यातली माणसं तो रंग बघून सॉफ्टवेअर मशीनवर चढवतात," माझ्या आधी हे काम बघणाऱ्या ताई नोकरी सोडताना म्हणाल्या होत्या. मी त्यांना शब्द दिला होता.

आमच्या साहेबांना मात्र जोडण्यापेक्षा रंगवणं सोपं वाटलं. औषधाचा डोस ठरवणारं सॉफ्टवेअर सर्व्हरवरच्या चाचण्यांत सकाळपासून नापास होत होतं, आणि पोर्टलवर साहेबांनी स्वतः चिकटवलेली हिरवी टिकली झळकत होती. एवढं मन लावून केलेलं त्यांचं दुसरं काम मी पाहिलेलं नाही.

"मॅडम, आज दुपारपर्यंत तुमचं मौनव्रत ना?" साहेब खिदळले. "देवच पावला बघा! पाहुण्यांसमोर नुसती मान हलवा. त्यात कुठे आलं खोटं बोलणं?"

देव त्यांच्या तोंडी सोयीपुरताच येतो. मी हात जोडले. ते साहेबांना नव्हते.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई आल्या. पडद्याकडे बघत त्यांनी विचारलं, "हे खरंच सर्व्हरला जोडलंय?"

"म्हणजे काय! आमच्या मॅडमनाच विचारा की," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे बघत आधी स्वतःच मान डोलावून बसले.

माझी मान हलली नाही. मौन तोंडाचं असतं, हातांचं नसतं. मी लॅपटॉप पुढे ओढला, ती टिकली पुसली आणि तिच्या जागी चाचण्यांचा खरा निकाल दिसावा म्हणून बिल्ड सर्व्हरचा पत्ता लिहायला घेतला.